नेम आणि विवेक : डिचोली-पेडण्याच्या इतिहासातील नियमपालनाचा प्रश्न

प्रस्तावना

आपल्या शाळांमधून ‘हुशार’ आणि ‘शिस्तप्रिय’ ही दोन विशेषणे बहुधा जोडीनेच वापरली जातात. वेळेवर येणारा, वही नीट ठेवणारा, सांगितलेले तंतोतंत करणारा विद्यार्थी बुद्धिमान समजला जातो. याच्या उलट, कचेरीच्या खिडकीपलीकडे बसून नियमावर बोट ठेवणाऱ्या कारकुनाला आपण ‘डोके न वापरणारा’ म्हणतो. दोघेही नियमच पाळत असतात. मग नियमाचे काटेकोर पालन हे बुद्धीचे लक्षण मानावे की बुद्धीला दिलेल्या सुट्टीचे?

हा प्रश्न मानसशास्त्राचा आहे तसाच इतिहासाचाही आहे. गोव्याच्या उत्तर भागातील डिचोली आणि पेडणे या तालुक्यांवर गेल्या साडेतीनशे वर्षांत आदिलशाही, मराठे, सावंतवाडीचे भोसले, पोर्तुगीज आणि भारतीय प्रजासत्ताक अशा अनेक सत्तांचा अंमल झाला. प्रत्येक सत्तेने आपले नियम आणले आणि जुन्या नियमांचे काय करायचे हेही ठरवले. त्यातील काही प्रसंग तपासून वरील प्रश्नाचा विचार करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

गावकरीचा ‘नेम’

सुरुवात एका शब्दापासून करू. गोव्यातील गावकरी ही पोर्तुगीजांच्या आधीपासून चालत आलेली ग्रामसंस्था होय. गावाची सामाईक जमीन, बांधबंदिस्ती, देवस्थानाचा खर्च आणि सरकारसारा यांचा कारभार गावकऱ्यांची सभा पाहत असे. सभेत सर्वांच्या संमतीने जो ठराव होई त्याला ‘नेम’ म्हणत. पोर्तुगीज कागदपत्रांत हाच शब्द ‘नेमो’ या रूपात आढळतो. अफोंसो मेशिया याने १५२६ मध्ये तिसवाडीच्या गावकऱ्यांच्या रूढी लेखी स्वरूपात नोंदवल्या. पोर्तुगीज अमलाखाली या ग्रामव्यवस्थेचे लेखी नियमांत रूपांतर होण्याची सुरुवात येथून झाली. १५ एप्रिल १९६१ च्या ‘कोमुनिदाद संहिते’पर्यंत ती प्रक्रिया चालू राहिली.

मराठीत ‘नेम’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक नियम किंवा व्रत, म्हणजे नेमधर्म. दुसरा लक्ष्य, म्हणजे नेम धरणे. शब्दाची व्युत्पत्ती काहीही असो, वापरात हे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. सभेत बसलेल्या गावकऱ्याला आपण केलेला नेम कशासाठी केला हे ठाऊक असे, कारण तो करताना तो स्वतः हजर असे. पुढच्या पिढीच्या हाती नेम राही, पण त्यामागचा नेम तिला दिसेलच याची खात्री नसे. पुढील सर्व प्रसंगांत ही ताटातूट वेगवेगळ्या रूपांत दिसेल.

डिचोलीचा नमाजगाह आणि दोन काझी

डिचोली शहराजवळच्या टेकडीवर एक जुना नमाजगाह आहे. राज्य शासनाच्या संरक्षित स्मारकांत त्याचा समावेश आहे. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र शहजादा अकबर याच्या डिचोलीतील मुक्कामाशी या वास्तूचे नाव जोडले जाते. अकबराने जानेवारी १६८१ मध्ये राजपुतान्यात बापाविरुद्ध उठाव केला. उठाव फसल्यावर तो छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयास आला आणि १६८३ च्या सुमारास काही काळ डिचोलीत राहिला.

नियमपालनाच्या दृष्टीने या उठावातील एक गोष्ट महत्त्वाची आहे. औरंगजेबाने मोठ्या संख्येने उलेमा कामाला लावून ‘फतावा-ए-आलमगिरी’ हा हनफी कायद्याचा प्रचंड संग्रह तयार करवून घेतला होता. नियमनिष्ठ बादशहा अशीच त्याची ख्याती होती. तरीही अकबराच्या छावणीतील चार मुल्लांनी सहीनिशी फतवा दिला की, शरियतीचे उल्लंघन केल्यामुळे औरंगजेबाने गादीवरचा हक्क गमावला आहे! ज्याने नियमांचा कोश तयार करवला त्यालाच नियमांच्या जाणकारांनी नियमभंगाचा दोषी ठरवले. अर्थात हे मुल्लाही शहजाद्याच्या आश्रयाला होते. नियमाचे शब्द दोन्ही बाजूंना सारखेच उपलब्ध असतात, एवढे यावरून दिसते.

याहून बोलका दाखला एका काझी घराण्याचा आहे. १६५८ मध्ये शाहजहानला कैद करून औरंगजेब गादीवर बसला, तेव्हा बाप हयात असताना मुलाच्या नावे खुतबा वाचणे शरियतीस मंजूर नाही, असे तत्कालीन मुख्य काझीने सांगितले. त्या वेळी गुजरातचे काझी अब्दुल वहाब पुढे आले. शाहजहान राज्यकारभारास असमर्थ झाला आहे, गादी रिकामी ठेवणे प्रजेच्या हिताचे नाही, म्हणून नवा राज्याभिषेक वैध आहे, असा युक्तिवाद त्यांनी केला. त्यांना मुख्य काझीपद मिळाले. युक्तिवाद हुशारीचा होता यात शंका नाही.

अब्दुल वहाब यांच्यानंतर त्यांचे पुत्र शेख-उल-इस्लाम त्या पदावर आले. वडिलांनी मागे ठेवलेल्या अमाप संपत्तीतील आपला वाटा त्यांनी स्वतःसाठी ठेवला नाही, असे इतिहासकारांनी नोंदवले आहे. औरंगजेबाने विजापूर आणि गोवळकोंडा या मुस्लिम राज्यांवरील स्वारीला धर्माची मान्यता मागितली, तेव्हा शेख-उल-इस्लाम यांनी ती दिली नाही. १६८३ च्या सुमारास ते पदावरून दूर झाले. म्हणजे शहजादा अकबर डिचोलीत होता त्याच सुमारास, जिच्या अमलाखाली डिचोलीचा हा मुलूख पूर्वी होता त्या विजापूरच्या आदिलशाहीवरील युद्ध धर्मसंमत नाही, असे बादशहाचा मुख्य न्यायाधीश सांगत होता. स्वारी अर्थातच थांबली नाही. १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा पडले.

आता या पितापुत्रांपैकी बुद्धिमान कोण? नियमात वाट काढणे हीच बुद्धी मानली तर उत्तर ‘बाप’ असे येईल. परंतु मुलाचे नियमपालन आंधळे नव्हते. मान्यता दिल्यास काय मिळेल आणि न दिल्यास काय जाईल, हे त्याला पूर्ण माहीत होते. ज्या नियमाचा भंग केल्याने आपला फायदा होतो तो नियमही पाळायचा, यासाठी नियम का आहे हे कळावे लागते. वडिलांनी प्रजाहित हा हेतू पुढे केला खरा, पण त्या हेतूची किंमत कैदेतल्या वृद्ध बापाने मोजली आणि लाभ काझींना झाला. वरवर पाहता बाप लवचीक आणि मुलगा ताठर दिसतो. तरी हेतूवर नजर मुलाचीच होती, असे म्हणावे लागते.

मिठाचा नियम

याच काळात मांडवीच्या दक्षिणेला निराळे नाट्य चालू होते. १६८३ च्या अखेरीस संभाजी महाराजांच्या फौजेने गोव्यावर चढाई केली. राजधानी संकटात आली तेव्हा विसरई कोंद द आल्व्होर याने आपला राजदंड संत फ्रान्सिस झेविअर यांच्या शवपेटीजवळ ठेवला, ही घटना प्रसिद्ध आहे. १६८४ च्या सुरुवातीस शाहआलमच्या मोगल फौजा रामघाट उतरून डिचोलीपर्यंत आल्या आणि ते संकट टळले. त्यानंतर काही महिन्यांतच, २७ जून १६८४ रोजी, याच विसरईने फर्मान काढले की स्थानिकांनी आपली भाषा सोडावी आणि तीन वर्षांत सर्वांनी पोर्तुगीज बोलू लागावे. त्या फर्मानाचे काय झाले हे गोव्यात आजही कानांना ऐकू येते.

नियम हेतूपासून तुटला म्हणजे कोठवर जातो याचा कळस १७३६ च्या धर्मसमीक्षण न्यायालयाच्या जाहीरनाम्यात दिसतो. हे न्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, गोव्यात १५६० मध्ये स्थापन झाले. १७७४ ते १७७८ ही मधली काही वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालू होते. १७३६ च्या जाहीरनाम्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना अनेक जुन्या चालीरीतींची बंदी केली. अंगणात तुळस ठेवू नये, ही त्यातील एक अट होती. हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवू नये, ही दुसरी. श्रद्धा मनात असते आणि मन तपासता येत नाही. मग जे तपासता येते ते तपासायचे, म्हणून नियम चुलीवरच्या भांड्यापर्यंत येऊन पोहोचला.

येथे एक बारकावा लक्षात घेतला पाहिजे. हे नियम करणारे लोक अडाणी नव्हते. ते विद्यापीठात शिकलेले, कायद्याचे आणि धर्मशास्त्राचे पंडित होते. त्यांची यादी विलक्षण बारीक आणि पद्धतशीर आहे. बुद्धी भरपूर वापरली गेली, परंतु ती नियम अधिकाधिक घट्ट विणण्यात खर्च झाली. भातात मीठ घालणाऱ्या घरात श्रद्धा वाढते काय, हा साधा प्रश्न त्या यादीत कोठे बसत नव्हता.

हे नियम तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी या जुन्या काबिजादींतील नवख्रिस्ती कुटुंबांना लागू होते. डिचोली आणि पेडणे तेव्हा पोर्तुगीज सत्तेबाहेर होते. मूळ दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराला डिचोली तालुक्यातील नार्वे येथे आश्रय मिळाला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार केला. नदीच्या एका काठावरचा अपराध दुसऱ्या काठावरचा नित्यधर्म होता.

रूढीची संहिता

१७८१-८२ मध्ये डिचोली आणि सत्तरी, आणि १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगीजांकडे गेले. फोंडे, सांगे, केपे आणि काणकोण त्याआधीच त्यांच्या हाती आले होते. या सर्व प्रदेशाला ‘नव्या काबिजादी’ म्हणतात. आता पोर्तुगीज राज्यकर्ते पूर्वीचे राहिले नव्हते. नव्या प्रजेचा धर्म, देवालये आणि रूढी यांना धक्का लावायचा नाही, हे धोरण त्यांनी स्वीकारले. दोनशे वर्षांच्या सक्तीतून आलेले हे शहाणपण होते, असे म्हणता येईल.

परंतु रूढी पाळू द्यायच्या तर न्यायाधीशाला त्या माहीत हव्यात. न्यायाधीश पोर्तुगीज, रूढी तोंडी आणि गावोगाव निराळ्या. यातून संहितेची गरज निर्माण झाली. १४ ऑक्टोबर १८५३ च्या आज्ञेने नव्या काबिजादींतील रहिवाशांच्या रूढी व चालीरीतींची संहिता अमलात आली. पुढे १८६१ मध्ये ती पोर्तुगीज आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापली गेली. मराठी वाचकांच्या दृष्टीने ही लक्षणीय बाब आहे. पेडण्या-डिचोलीच्या लोकांना स्वतःच्या रूढी सरकारी छापखान्याच्या पुस्तकात, स्वतःच्या लेखनभाषेत वाचायला मिळाल्या.

याचा लाभ उघड होता. मनमानीला आळा बसला आणि एका दाव्यात एक व दुसऱ्यात दुसरे असे होण्याची शक्यता कमी झाली. तोटा मात्र सावकाश लक्षात येतो. तोंडी रूढी माणसांबरोबर बदलते. पंच बसतात, आजवर असे होत आले पण या खेपेस परिस्थिती निराळी आहे, असे म्हणतात आणि वाट काढतात. रूढी छापली गेली की ती छापल्या दिवशीच्या वयाची राहते. लोकांचा मान राखण्यासाठी केलेली संहिता लोकांपेक्षा अधिक सनातनी होऊन बसते.

पंचवीस, तीस आणि दहा

याचे उदाहरण १६ डिसेंबर १८८० च्या फर्मानात मिळते. गोव्यातील हिंदूंच्या रूढींची ही सुधारित संहिता होय. तिने एकत्र कुटुंबाची पद्धत मान्य केली. हिंदू पुरुषाच्या बहुपत्नीत्वाला तिने सर्वसाधारणपणे मज्जाव केला, पण अपवाद ठेवले. पहिल्या पत्नीला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत मूलच झाले नसेल, तर पतीस दुसरे लग्न करता येईल. तिला तीस वर्षे पूर्ण होऊनही पुत्र झाला नसेल तरीही करता येईल. ती तिशीच्या आतली असेल, तर शेवटच्या गरोदरपणाला दहा वर्षे उलटलेली असावीत.

एकोणिसाव्या शतकातील शास्त्री, वकील आणि प्रशासक यांनी ही वये ठरवली तेव्हा त्यांना आपण सुधारणा करत आहोत असेच वाटले असणार, आणि ते अगदी खोटे नव्हते. पूर्वी पुरुषाच्या इच्छेला मर्यादा नव्हती, आता आकड्यांची मर्यादा आली. परंतु नियमाचा हेतू काय होता? वंश चालू राहणे. आणि त्याची किंमत कोणी मोजायची? पेडण्याच्या एखाद्या घरातील चोवीस वर्षांच्या निपुत्रिक स्त्रीला येणारा वाढदिवस कसा वाटत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. मूल न होण्याचे कारण पतीमध्येही असू शकते हे आज सर्वमान्य आहे. संहितेत त्याची चौकशी नाही. नियम अचूक होता, मोजता येण्यासारखा होता, आणि ज्या व्यक्तीवर तो लादला गेला तिच्याविषयी त्याला काहीच ठाऊक नव्हते.

‘समान’ कायदा आणि त्यातील अपवाद

पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १८ नोव्हेंबर १८६९ च्या फर्मानाने वसाहतींना लागू झाली आणि १ जुलै १८७० पासून अमलात आली. नव्या काबिजादींतील रूढींना त्याच फर्मानाने संरक्षण दिले. गोव्यातील मुसलमानांसाठी मात्र १८८० सारखी स्वतंत्र संहिता झाली नाही. डिचोली, साखळी, वाळपई येथील मुस्लिम कुटुंबे विवाह आणि वारसा यांच्या बाबतीत सामान्य नागरी संहितेखाली आली. गोवा मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने पूर्वीचे कायदे चालू ठेवले. १९३७ चा शरियत कायदा गोव्यास लागू करण्यात आला नाही.

याचे परिणाम लहान नाहीत. या संहितेनुसार निराळा करार नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते, आणि वारशात मुलगा व मुलगी यांना सारखा वाटा मिळतो. पुढे वारसाविषयक भागाची जागा गोव्याच्या २०१२ च्या उत्तराधिकार कायद्याने घेतली, जो २०१६ पासून अमलात आहे.

२०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात समान नागरी कायद्याचे उत्तम उदाहरण म्हणून गोव्याचा गौरव केला. ज्यांचे विवाह गोव्यात नोंदले गेले आहेत त्या मुस्लिम पुरुषांना बहुपत्नीत्व करता येत नाही, हेही न्यायालयाने नमूद केले. हे खरेच आहे. परंतु याच ‘समान’ कायद्याच्या पोटात १८८० च्या संहितेने हिंदू पुरुषाला दिलेला अपवाद राहून गेला होता, हे त्या गौरवाच्या वेळी फारसे कोणाच्या ध्यानात राहिले नाही. येथे कोणत्याही समाजाला दूषण देण्याचा हेतू नाही. ‘समान’ हा शब्द ऐकला की आपण तपासणे थांबवतो, एवढेच सांगायचे आहे. नियमपालनाप्रमाणे नियमाची स्तुतीही न वाचता होऊ शकते.

मये गावाचा प्रश्न

अलीकडच्या काळातील उदाहरणही डिचोली तालुक्यातच आहे. मये गावातील बरीच जमीन कोंद द मये या पोर्तुगीज किताब असलेल्या घराण्याच्या मालकीची होती. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि मालक पोर्तुगालला गेले. १९६४ च्या कायद्याने अशा जमिनी स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारी संरक्षकाच्या ताब्यात गेल्या.

संरक्षकाचे काम मालमत्ता सांभाळण्याचे. जे आपले नाही ते तो कोणाला देणार? नियमाच्या भाषेत यात चूक काढता येत नाही. परंतु ज्यांच्या पिढ्या त्या जमिनीवर राहिल्या, ज्यांनी ती कसली, ते आपल्याच घराखालच्या जमिनीचे मालक नव्हते. परत न येणाऱ्या मालकाच्या हक्काचे रक्षण होत राहिले आणि हजर असलेला शेतकरी कागदावर परका राहिला. लोकांनी अनेक वर्षे आंदोलने केली. शेवटी २०१४ मध्ये ही मालकी नष्ट करणारा कायदा विधानसभेने केला. म्हणजे नियम बदलायला पन्नास वर्षे लागली. त्या पन्नास वर्षांत कोणी बेकायदा वागले म्हणून हा प्रश्न चिघळला नाही, हे विशेष.

नियमशास्त्रांची साक्ष

नियम आणि विवेक यांचा हा ताण आपल्या परंपरांना अपरिचित नव्हता. हजरत उमर यांनी हिजरी १८ च्या भीषण दुष्काळात चोरीबद्दल हात तोडण्याची शिक्षा स्थगित ठेवली. उपाशी माणसाने भाकरी उचलली तर त्याला चोर म्हणता येत नाही, हा त्यामागचा विचार. इमाम अबू हनिफा यांच्या परंपरेत ‘इस्तिहसान’ हे तत्त्व आहे. कियासाने काढलेला निष्कर्ष अन्यायाकडे नेत असेल, तर अधिक इष्ट मार्ग निवडण्यास ते वाव देते. हिंदू धर्मशास्त्रातही बृहस्पतीने बजावले आहे की, केवळ ग्रंथाच्या आधारे, युक्तीचा विचार न करता दिलेला निर्णय धर्माचीच हानी करतो. दोन्ही परंपरांनी नियम मोडण्याची मोकळीक दिली नाही. नियमाला प्रश्न विचारण्याची जबाबदारी मात्र दिली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, नियमांचे काटेकोर पालन हे स्वतः बुद्धीचे लक्षण नाही आणि बुद्धिहीनतेचेही नाही. शेख-उल-इस्लाम यांनी नियम ताठरपणे पाळला आणि तो विवेकाचा उच्चांक ठरला. १७३६ च्या पंडितांनीही ताठरपणा दाखवला, आणि त्यांची विद्वत्ता भाताच्या भांड्यात बुडाली. त्या दोघांमधला फरक काटेकोरपणात सापडत नाही. तो तीन ठिकाणी सापडतो : नियम कशासाठी आहे हे पाळणाऱ्याला ठाऊक आहे काय, त्याची किंमत पाळणारा मोजतो की दुसरे कोणी, आणि नियम स्वतःच्या विरुद्ध गेला तरी तो पाळतो काय.

शिक्षणसंस्थांना यातून घेण्यासारखे बरेच आहे. वर्गात नियम सांगताना त्याचे कारणही सांगावे, आणि ‘का?’ असे विचारणाऱ्या मुलाला उद्धट ठरवू नये. तो प्रश्न विचारूनही जो मुलगा नियम पाळतो, तोच पुढे एखाद्या खुर्चीवर बसल्यावर, नियम कोठे थांबायला हवा हे ओळखू शकेल. गावकरीच्या सभेत नेम करणाऱ्या माणसाला तो कोठे लागायचा हे दिसत होते. नुसता नेम पाळणाऱ्याने तो कोठे लागतो आहे, हे अधूनमधून मान वर करून पाहिले पाहिजे.